मल्चिंगच्या कागदाचा राहिलेला हिशेब

मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर गांवच्या ओढ्यास पाणी येतें, तेव्हां त्या पाण्याबरोबर काय काय वाहून येतें हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें घटकाभर पुलापाशीं जाऊन उभें राहावें. पालापाचोळा, काटक्या, शेणकूट हीं पूर्वींहि येत असत. सांप्रत त्यांच्या जोडीस चंदेरी-काळ्या रंगाच्या चिंध्या येतात आणि पूर ओसरल्यावर त्या बाभळीच्या व करंजाच्या फांद्यांस लोंबत राहतात. या चिंध्या कोणा कारखान्यांतून आलेल्या नसतात, शहरांतूनहि आलेल्या नसतात. त्या आपल्याच कलिंगडाच्या, मिरचीच्या व टोमॅटोच्या गादीवाफ्यांवर अंथरलेल्या मल्चिंगच्या कागदाच्या असतात. त्यास कागद म्हणण्याची आपणांस संवय पडली आहे; वस्तुतः तें पॉलिएथिलीन नांवाचें प्लॅस्टिक आहे. तो खरोखरीच कागद असता तर हा लेख लिहिण्याचें प्रयोजन पडलें नसतें.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. प्लॅस्टिकच्या नांवानें बोटें मोडण्याकरितां आम्हीं लेखणी उचललेली नाहीं. ज्या गांवांत माघ महिन्यांतच विहिरींचा तळ दिसूं लागतो, तेथील शेतकऱ्यास ठिबकच्या नळ्या काढून टाक असें सांगणारास शेतीची माहिती नाहीं असेंच म्हटलें पाहिजे. मुरमाड रानांतील शेततळ्यास अस्तर घातल्यावांचून पाणी टिकत नाहीं. २०१६ सालीं सरकारनें ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना काढल्यापासून तर अशीं अस्तराचीं तळीं जिकडे तिकडे दिसूं लागलीं. मल्चिंगमुळें ओल टिकते, खुरपणीची मजुरी वांचते, फळ मातीस लागत नाहीं. हे फायदे खरे आहेत व ते आम्हीं स्वतः घेतलेले आहेत. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, या मालाच्या जमाखर्चांत आपण जमेची बाजू पूर्ण लिहितों आणि खर्चाची बाजू पीक निघतांच बंद करितों. कागद शेतांतून कोठें गेला याची नोंद कोणाच्याच वहींत नसते.

हा हिशेब लहान नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत असा अंदाज दिला आहे कीं, साऱ्या जगांतील शेती व पशुपालन या धंद्यांत एका वर्षांत सव्वा कोट टन प्लॅस्टिकचा माल वापरला जातो. आपल्याकडे नळ्या आणि मल्चिंग यांशिवाय केळीच्या घडांवरील पिशव्या, द्राक्षबागेवरील आच्छादन, रोपांवरील क्रॉप कव्हर, शेडनेट, टोमॅटो बांधण्याची प्लॅस्टिकची सुतळी असा परिवार वाढतच आहे. यांतील मल्चिंगचा कागद सर्वांत पातळ व अल्पायुषी असल्यामुळें आम्ही आज मुख्यतः त्याविषयींच लिहितों.

पॉलिएथिलीन हें १९३३ सालीं इंग्लंडमधील चेशायर परगण्यांत एका रासायनिक कंपनीच्या प्रयोगशाळेंत जवळ जवळ अपघातानेंच हातीं लागलें. त्याचा मोठा गुण हा कीं तें कुजत नाहीं. आणि त्याचा मोठा दोषहि हाच. लांकूड, पेंढा, ताग यांस खाणारे जिवाणु व बुरशी सृष्टींत आहेत. पॉलिएथिलीन खाऊन पचविणारे जीव इतके थोडे व त्यांचें काम इतकें मंद आहे कीं शेतकऱ्याच्या दृष्टीनें ते नसल्यासारखेच होत. मात्र उन्हानें तें ठिसूळ होतें. सूर्यप्रकाशांतील अतिनील किरणांनीं त्याच्या लांब साखळ्या तुटतात, कागद हातांत धरतांच फाटूं लागतो आणि एका तुकड्याचे दहा व दहांचे शंभर होतात. तुकडा डोळ्यांआड झाला म्हणजे तो नाहींसा झाला असें आपणांस वाटतें. तो नाहींसा होत नाहीं, केवळ लहान होतो. पांच मिलिमीटरांहून लहान अशा तुकड्यांस शास्त्रज्ञ मायक्रोप्लॅस्टिक म्हणतात. २००४ सालीं प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्प्सन यांनीं समुद्रकांठच्या वाळूंत व गाळांत सांपडलेल्या कणांविषयीं एक लहानसा निबंध लिहिला, तेव्हांपासून हा शब्द रूढ झाला. पुढें ध्यानांत आलें कीं हे कण समुद्रांत पोंचण्यापूर्वीं नद्या, ओढे व तळीं यांतूनच गेलेले असतात.

आतां एका एकराचा हिशेब करूं. हा हिशेब आम्हीं पाटीवर मांडलेला आहे. कोणीहि ताडून पाहावा. एकर म्हणजे सुमारें चार हजार चौरस मीटर. त्यांतील निम्मी जागा गादीवाफ्यांची धरली तर दोन हजार चौरस मीटर कागद लागतो. तो पंचवीस मायक्रॉन जाडीचा असेल तर त्याचें वजन सुमारें पंचेचाळीस किलो भरतें. पीक निघाल्यावर मजूर तो ओढून काढतात. परंतु वाफ्याच्या दोन्ही कडांस मातीखालीं दाबलेली पट्टी तुटून आंतच राहते. दहावा हिस्सा राहिला असें धरलें तरी साडेचार किलो झालें. त्याचे पांच मिलिमीटरांचे चौकोनी तुकडे झाले तर त्यांची संख्या पाऊण कोटीच्या वर जाते. तेच एक मिलिमीटरापर्यंत बारीक झाले तर एकोणीस कोटींच्या आसपास! हा एका एकराचा व एका हंगामाचा आंकडा आहे.

आणि हे तुकडे बारीक करण्यास आपण उन्हाची वाटहि पाहत नाहीं. पुढच्या पिकाची घाई असते, मजूर मिळत नाहींत. मग जो कागद निघाला तो निघाला, उरलेल्यावर रोटाव्हेटर फिरवून रान मोकळें केलें जातें. रोटाव्हेटराचीं पातीं ढेंकळें फोडण्याकरितां आहेत, पण कागदाचा चुरा करण्यास त्यांच्याइतकें सोईचें यंत्र शोधूनहि सांपडणार नाहीं. एकदां हा फेर झाला कीं तो कागद वेंचून काढणें मनुष्याच्या शक्तीबाहेरचें होतें. आमच्या मतें या सर्व प्रकरणांत शेतकऱ्याच्या हातीं असलेला निर्णायक क्षण हाच: रोटाव्हेटर रानांत शिरण्यापूर्वींचा एक दिवस.

चीन देशाचा अनुभव येथें सांगण्यासारखा आहे. तेथें १९७८-७९ च्या सुमारास जपानांतून ही पद्धत आली, आणि उत्पन्न इतकें वाढलें कीं लोक तिला श्वेत क्रांति म्हणूं लागले. स्वस्ताईच्या लोभानें कागद आठ मायक्रॉनपर्यंत पातळ झाला. असला कागद अखंड निघणें शक्यच नव्हतें. सिंक्यांग प्रांतांतील कापसाच्या रानांत त्याचे थर सांचले, मुळ्यांस व पाण्यास अडथळा होऊं लागला, आणि श्वेत क्रांतीचें नांव श्वेत प्रदूषण असें पडलें. अखेर २०१७ सालीं तेथील सरकारास कमींत कमी जाडी दहा मायक्रॉन असावी असा नियम करावा लागला. आपल्याकडे पंचवीस-तीस मायक्रॉनचा कागद वापरण्याचा प्रघात आहे, हें सुदैवच. पण दोन पैसे वांचविण्याकरितां त्याहून पातळ माल मागणारे शेतकरीहि आम्हांस ठाऊक आहेत, म्हणून ही हकीकत सांगितली.

रानांतून ओढ्यांत हा माल कसा जातो हें वाचकांस विस्तारानें सांगण्याची जरूर नाहीं. ज्या पाण्याबरोबर वरची माती जाते त्याच पाण्याबरोबर, मातीहून हलका असलेला हा चुरा आधीं जातो. कांहीं वाऱ्यानें उडतो. कांहीं काळ्या रानाच्या भेगांत पडतो. गांडुळें बारीक कण आपल्या बिळांतून खालीं नेतात असेंहि प्रयोगांत दिसून आलें आहे.

खरी गोष्ट पाण्यांत गेल्यावर सुरू होते. पॉलिएथिलीन पाण्याहून किंचित् हलकें असल्यामुळें प्रथम तें तरंगतें. परंतु थोड्याच दिवसांत त्यावर जिवाणु व शेवाळ यांचा बुळबुळीत थर बसतो, मातीचे कण चिकटतात आणि तें जड होऊन तळाशीं जातें. ओढ्याचा किंवा तळ्याचा तळ म्हणजे केवळ चिखल नव्हे. पडलेलीं पानें कुरतडणारे लहान जीव, गाळ खाऊन पोट भरणाऱ्या कृमि, गोगलगाई, शिंपले, तांबड्या अळ्या हें सर्व बिऱ्हाड तेथें राहतें. आपल्या रानांत गांडूळ जें काम करतो तें पाण्याखालीं हीं मंडळी करितात. पाणी सडत नाहीं, पाला कुजून त्याचें खाद्य होतें, लहान माशांस चारा मिळतो, तें यांच्या श्रमावर. वरच्या पाण्यांत पाणपिसवेसारखे डोळ्यांस जेमतेम दिसणारे प्राणी पाणी गाळून त्यांतील हिरवें सूक्ष्म शेवाळ खातात. या सर्वांस अन्नाचा कण व प्लॅस्टिकचा कण यांतील भेद कळत नाहीं. पोट भरतें, पोषण होत नाहीं.

याचा परिणाम किती होतो? येथें आम्हांस जपून बोलावयाचें आहे, कारण या विषयावर अतिशयोक्ति फार झाली आहे. हॉलंडांतील वाखेनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनीं तळाशीं राहणाऱ्या सहा जातींच्या जीवांस प्लॅस्टिक मिसळलेल्या गाळांत ठेवून २०१८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. महिनाभराच्या प्रयोगांत कोणतीच जात त्यामुळें मेली नाहीं. वाढ खुंटली ती फक्त एका जातीची, पानें कुरतडणाऱ्या एका झिंगावर्गीय जीवाची. एवढ्यावर कोणी म्हणेल कीं मग भीति कसली? पण त्यांनींच पुढें उघड्यावरील पाण्याच्या चरांत असा गाळ भरून पंधरा महिने ठेवला. तीन महिन्यांनीं पाहिलें तों फारसा फरक नव्हता. पंधरा महिन्यांनीं मात्र, जेथें प्लॅस्टिकचें प्रमाण गाळाच्या वजनाच्या शेंकडा पांच होतें तेथें, जीवांची संख्या घटलेली दिसली, आणि तींत मुख्यतः गाळांतील बारीक कृमि होत्या. हा निष्कर्ष २०२० सालीं प्रसिद्ध झाला. शेंकडा पांच हें प्रमाण फार मोठें आहे. तें आपल्या ओढ्यांत आहे असें आम्ही म्हणत नाहीं. आमचें लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेलें. तीन महिन्यांत न दिसलेलें नुकसान पंधरा महिन्यांत दिसलें. जमीन खारवट होत जाते तेव्हां पहिल्या वर्षीं कोणास कळतें?

कणांचा प्रवास पाण्यापुरताच राहतो असेंहि नाहीं. इंग्लंडांतील रेडिंग विद्यापीठांत डासांच्या अळ्यांस असे कण पाण्यांतून दिले, तेव्हां त्या अळीचा डास होऊन उडाला तरी कांहीं कण त्याच्या शरीरांत शिल्लक होते. पाण्यांतील अळ्यांचे किडे पक्षी, बेडूक, वटवाघळें खातात, हें सांगावयास नको.

दुसरा एक प्रकार याहून विलक्षण आहे. अमेरिकेंतील वॉशिंग्टन संस्थानांत सिॲटल शहराच्या आसपासच्या ओढ्यांत कोहो जातीचे सामन मासे अंडीं घालण्याकरितां समुद्रांतून येतात. पाऊस पडला कीं ते अंडीं न घालतांच मरूं लागले. कित्येक वर्षें कारण कळेना. २०२० च्या अखेरीस असें सिद्ध झालें कीं, मोटारींच्या टायरांची झीज पावसाबरोबर ओढ्यांत जाते आणि रबर टिकावें म्हणून त्यांत घातलेल्या एका द्रव्यापासून हवेंतील ओझोनच्या योगानें जें विष तयार होतें तें या माशांस मारतें. रबर व मल्चिंगचा कागद एक नव्हेत, आणि आपल्या ओढ्यांत सामन नाहींत. पण यावरून इतकें शिकतां येतें कीं केवळ कणाचाच विचार पुरत नाहीं. त्यांत मिसळलेल्या द्रव्यांचाहि करावा लागतो. उन्हांत टिकावा, काळा राहावा, चंदेरी दिसावा म्हणून आपल्या कागदांत काय काय घातलेलें असतें हें विकणारा सांगत नाहीं आणि आपण विचारीत नाहीं.

हिंदुस्थानांतील पाण्यांत हे कण आहेत कीं नाहींत हा प्रश्न आतां उरलेला नाहीं. केरळांतील वेंबनाड सरोवराच्या तळाचा गाळ तपासला, त्याचे निष्कर्ष २०१७ सालीं आले. प्रत्येक नमुन्यांत कण सांपडले आणि त्यांत पॉलिएथिलीनच अधिक होतें. गंगेच्या पाण्यांतहि ते सांपडले, बहुतेक कापडाच्या धाग्यांच्या रूपानें. इंग्लंडांत मँचेस्टरच्या आसपासच्या नद्यांचे तळ २०१५-१६ च्या हिंवाळ्यांतील महापुरापूर्वीं व नंतर तपासले, तेव्हां तळांतील सुमारें शेंकडा सत्तर कण पुरानें धुवून नेल्याचें आढळलें. हें वाचून आपल्यापैकीं कोणी समाधान मानील कीं आपला पावसाळा तर त्याहून मोठा, तो दरवर्षीं ओढा धुवून काढील. काढीलहि. पण धुवून नेतो कोठें? खालच्या बंधाऱ्यांत, पाझर तलावांत, धरणांत. तेथें पाणी थांबतें, गाळ बसतो, आणि गाळाबरोबर हा मालहि बसतो. मग उन्हाळ्यांत तोच गाळ आपण काढतों. २०१७ सालच्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेनें तर त्यास उत्तेजनच दिलें, आणि तें योग्यच होतें. तळ्याच्या गाळासारखें दुसरें खत नाहीं. परंतु अशा रीतीनें वरच्या शेतकऱ्यानें टाकलेला कागद खालच्या शेतकऱ्याच्या रानांत गाळाच्या ट्रॉलीनें जातो, हें ध्यानांत असावें.

येथें एक आक्षेप येणार, आणि तो आमच्या मित्रांनीं आम्हांस तोंडावर घेतलाहि. शहरांतील लोक रोज पिशव्या फेंकतात, कपडे धुतल्याचें पाणी धाग्यांसह नदींत सोडतात, मोटारी पळवितात; त्यांस सोडून तुम्ही शेतकऱ्याच्याच मागें कां लागतां? आक्षेप खोटा नाहीं. शहराचा वांटा मोठा आहे व त्याचा जाब शहरास द्यावाच लागेल. कायद्यानें त्या बाजूस पावलें टाकलींहि आहेत: महाराष्ट्रांत २०१८ सालीं बंदी आली, आणि १ जुलै २०२२ पासून एकदां वापरून फेंकावयाच्या कित्येक वस्तूंस सबंध देशांत मनाई झाली. परंतु आमच्या गांवच्या ओढ्यास वर शहर नाहीं. त्यास वर आहेत तीं आमचीं शेतें. तेथें आम्ही कोणाकडे बोट दाखविणार?

आमची स्वतःचीच गोष्ट सांगतों. पहिल्या वर्षीं कलिंगड निघाल्यावर गोळा केलेला कागद आम्हीं ओढ्याकडच्या बांधावर रचून ठेवला होता, भंगारवाला येईल या आशेनें. तो आला, कागदास लागलेली माती पाहून, यांत वजन मातीचेंच आहे असें म्हणून निघून गेला. ढीग तसाच राहिला. आषाढांत ओढा बांधावर चढला आणि सकाळीं पाहतों तों ढीग नाहीं. त्या वेळीं, खरें सांगावयाचें तर, आम्हांस बरेंच वाटलें होतें. दुसऱ्या वर्षीं आम्हीं तो जाळला. काळा धूर उठला, राखेंत वितळलेले गोळे राहिले, आणि पावसानें ते गोळेहि ओढ्यांतच नेले. तिसऱ्या वर्षीं आमच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांनीं विचारलें, “अहो, तुमच्या डोहांत पूर्वीं पोरें मळे मासे धरीत, ती आतां दिसत नाहींत, तें कां?” मासे कमी होण्यास वाळूउपसा, औषधांच्या फवारण्या व ओढा लवकर आटणें हीं कारणें आहेतच, सर्व दोष कागदावर ढकलणें अन्यायाचें होईल. पण ज्या डोहांत आपला ढीग गेला त्या डोहाविषयीं प्रश्न आला, म्हणून आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

उपायांत पहिला मोह होतो तो आपोआप विरणाऱ्या कागदाचा. यांत दोन प्रकार आहेत व त्यांची गल्लत करूं नये. एका प्रकारांत साध्या पॉलिएथिलीनमध्यें धातूंचीं द्रव्यें घालून तें उन्हांत लवकर फुटेल असें केलेलें असतें. तें विरत नाहीं, लवकर चुरा होतें, म्हणजे रोटाव्हेटराचेंच काम तें घरबसल्या करितें. युरोपीय संघानें २०१९ च्या कायद्यानें असल्या मालास बंदी केली. दुसरा प्रकार जिवाणूंस खरोखर खातां येईल अशा द्रव्यांचा असतो. त्यासाठीं युरोपांत २०१८ सालीं स्वतंत्र मानक ठरलें आहे. तो महाग पडतो, पण विचार करण्यासारखा आहे. विक्रेता ‘विरघळतो’ एवढेंच म्हणाला तर कोणत्या मानकाचा, हें लेखी मागावें. उंसाचें पाचट, भाताचा पेंढा, गवत यांच्या आच्छादनाची योग्यता आम्ही नव्यानें काय सांगावी. जेथें तें पुरतें तेथें कागद आणण्याचें कारण नाहीं. मात्र कलिंगडास सर्वत्र तें पुरेल असें आम्हांस वाटत नाहीं.

म्हणून जो कागद वापरावयाचाच तो अखंड निघेल इतका जाड घ्यावा, जमिनींत थोडी वाफ असतां कडा मोकळ्या करून गुंडाळत काढावा, माती झटकून वाळवावा आणि पाऊस व ओढा यांपासून दूर छपराखालीं ठेवावा. ओढ्याच्या कांठीं नांगर न लावतां गवताची पट्टी सोडली तर मातीबरोबर कागदहि अडतो. इतकें एकट्या शेतकऱ्यास करतां येतें. पुढचें मात्र एकट्याचें काम नव्हे. पांच-दहा किलो मातकट कागदासाठीं भंगारवाला येणार नाहीं. शंभर सभासदांचा स्वच्छ माल एके ठिकाणीं असला तर येईल. आयर्लंडांत १९९७ पासून शेतीच्या प्लॅस्टिकची अशी व्यवस्था चालू आहे: माल बनविणारे व आणणारे यांजकडून पट्टी घेतात, शेतकरी ठराविक दिवशीं ठराविक जागीं कागद आणून देतात. फ्रान्सांतहि २००१ पासून शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था या कामांत आहेत. आपल्याकडे २०२२ सालीं उत्पादकांवर जबाबदारी टाकणारे नियम झाले, पण त्यांचा रोख वेष्टनांवर आहे. शेतांत अंथरावयाच्या कागदाचें वेष्टन होत नाहीं. हा कागदहि त्या जबाबदारींत यावा, आणि मल्चिंगवर सरकार जें अनुदान देतें त्याचा कांहीं अंश कागद परत दिल्याची पावती दाखविल्यावरच मिळावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. पुष्कळांस तें आवडणार नाहीं.

संघाच्या येत्या सभेपुढें आम्ही ठराव मांडणार आहों: प्रत्येक केंद्रगांवीं वैशाखांत दोन दिवस कागद गोळा करावा, वजन करून नोंद ठेवावी आणि तो एकत्र विकावा. उत्पन्न येईल कीं पदरचें घालावें लागेल हें पहिल्या वर्षीं कळेल. घालावें लागलें तर तें वर्गणींतून घालावें. कोरडी खोली किंवा गोठ्याचा रिकामा सोपा देऊं शकतील अशा सभासदांनीं गांवाचें नांव व जागेचें माप सभेपूर्वीं कळवावें. आमच्या गांवीं आमचीच खोली राहील.